घरामागच्या जागेत देशी झाडं लावून पक्षी-फुलपाखरं यावीत असं वाटतंय, सुरुवात कुठून करू?

परसदार_नवखा

नमस्कार मंडळी. घरामागे साधारण तीस बाय पस्तीस फुटांची जागा आहे. अर्ध्यात लॉन, जी उन्हाळ्यात नुसती पाणी पिते, कुंपणाला बोगनवेल आणि क्रोटन, नळाजवळ एक कढीपत्ता, बाकी काही नाही. बरेच दिवस डोक्यात आहे की इथे देशी झाडं लावायची म्हणजे पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या येतील, पण शोधायला गेलं की ज्या याद्या मिळतात त्यात एकतर सगळी भलत्याच देशातली झाडं असतात नाहीतर थेट वड-पिंपळ, आता वड कुठे लावू मी? नर्सरीत विचारलं तर तो म्हणाला फुलपाखरं हवीत ना, मग लँटाना न्या, वर्षभर फुलतो, पाणी नको काही नको. न्यावा का?

दुसरं, लॉन पूर्ण काढायची का? आणि तिसरं म्हणजे आईचं म्हणणं आहे की झाडोरा वाढवलास की साप आणि डास दोन्ही घरात, मग बस फोटो काढत. तिला काय सांगू?

रानजाई

लँटाना नका आणू प्लीज. फुलपाखरं त्यावर येतात हे खरंय, नर्सरीवाला खोटं बोलत नाहीये, पण ती येतात मध प्यायला आणि पिऊन झालं की जातात, तिथे अंडी घालत नाहीत. लँटाना म्हणजे आपली घाणेरी, मूळची अमेरिका खंडातली, शोभेची म्हणून आणलेली आणि आता जंगलं गिळत सुटलेली. २०२० सालच्या एका अभ्यासात भारतातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती घुसल्याचं दिसलं होतं. तुमच्या कुंपणातली फळं बुलबुल खाणार आणि बिया कुठेतरी माळावर टाकणार, म्हणजे प्रकरण तुमच्या अंगणापुरतं राहत नाही.

आता मुद्द्याचं. फुलपाखरांसाठी बाग करायची तर आधी अळीला काय लागतं ते बघा. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, दुसरं काही दिलं तर उपाशी मरतील पण खाणार नाहीत. झाडं पानांत निरनिराळी विषारी किंवा कडू रसायनं बनवतात आणि एकेका जातीच्या अळीने लाखो वर्षांत एकेका कुळाची रसायनं पचवायची सवय लावून घेतलेली असते. म्हणून क्रोटन, बोगनवेल वर्षानुवर्षं तशीच चकचकीत राहतात, त्यांना खाणारं इथे जवळपास कुणी नाहीच. अळ्या नाहीत म्हणून पिल्लांना भरवायला काही नाही, म्हणून पक्षी नाहीत. साखळी इतकी सरळ आहे.

तुमच्याकडे कढीपत्ता आहे म्हणजे निम्मं काम झालंय. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन दोघांची अळी त्यावर वाढते (लिंबू आणि बेलावरही). आज जाऊन कोवळ्या पानांवर बघा, काळपट-पांढरी पक्ष्याच्या शिटेसारखी काहीतरी चिकटलेली दिसली तर हात लावायच्या आधी नीट बघा, ती अळीच असेल. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते, आणि काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला लालसर अवयव बाहेर काढते आणि असा काही घाण वास सोडते की मुंग्याही मागे सरतात.

बाकी कुठलं झाड कुठल्या फुलपाखरासाठी ते पटापट सांगते. रुईवर प्लेन टायगर, हरणदोडीच्या वेलावर ब्लू टायगर, ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज आणि क्रिम्झन रोज, बहाव्यावर पिवळट-पांढरी एमिग्रंट, आंब्यावर कॉमन बॅरन ज्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की डोळ्यासमोर असून दिसत नाही, आणि आसुपालवावर, म्हणजे ज्याला सगळे अशोक म्हणतात त्या उंच झाडावर, टेल्ड जे. कोरांटी लावाच, पानं पॅन्सी जातीच्या अळ्यांना आणि फुलं भुंग्यांना. आणि थोडा खुळखुळा, म्हणजे त्या नावाचं झुडूप. तो गंमत म्हणून, कारण त्याच्या वाळलेल्या फांद्यांना टायगर आणि क्रो जातीचे नर अक्षरशः लटकलेले असतात, त्यातली रसायनं शोषून मादीसाठी लागणारा गंध बनवतात.

हिशेबी_माळी

रानजाई ताईंशी सहमत, फक्त एक सांगतो, हे वाचून लोक उत्साहात कोयता घेऊन सुटतात आणि परदेशी म्हणून सगळं उपटतात. तसं करू नका. झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, गुलमोहरही तिथलाच, आणि आपण ज्याला घरचं समजतो ती पानफुटी, तीही मादागास्करची, तरी रेड पिएरो नावाच्या फुलपाखराची अळी त्याच पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून वाढते. देशी-परदेशी हा काटा सगळीकडे सारखा चालत नाही, बघायचं एवढंच की ते झाड पसरून दुसऱ्यांना मारतंय का आणि कुणाच्या पोटाला उपयोगी आहे का. पसरणारं आधी काढा, जसं घाणेरी आणि सुबाभूळ. निरुपद्रवी पण बिनकामाचं आहे ते सावकाश बदला.

किती प्रमाण असावं यावर अमेरिकेत चांगलं काम झालंय. चिकॅडी नावाच्या चिमणीहूनही लहान पक्ष्यावर घरांच्या बागांत अभ्यास केला, २०१८ ला प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की बागेतल्या एकूण झाडोऱ्यापैकी साधारण ७० टक्के देशी असेल तरच त्या पक्ष्यांची संख्या टिकते, त्याखाली गेलं की पिल्लं पुरेशी जगत नाहीत. आणि एका घरट्यातली पिल्लं उडेपर्यंत आईबाप ६,००० ते ९,००० अळ्या आणतात. आपले पक्षी वेगळे, आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंदाज येतो, की चार कुंड्या देशी आणि बाकी क्रोटन एवढ्याने भागत नाही. तसंच उरलेल्या ३० टक्क्यांत आईचा गुलाब आणि तुमची बोगनवेल बसते, भांडण नको.

लॉनचं म्हणाल तर एका फटक्यात काढू नका, उघडी माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाईल आणि तण आधी घुसेल. कुंपणाच्या बाजूने तीन-चार फुटांचा पट्टा घ्या, त्यावर पुठ्ठे अंथरा, चिकटपट्ट्या काढून हां, वर पालापाचोळा टाका, खालचं गवत उजेड न मिळाल्याने मरतं. पाऊस लागला की त्यातच भोकं पाडून रोपं लावा. पुढच्या पावसाळ्यात पुढचा पट्टा. मधे बसा-फिरायला थोडी लॉन राहिली तर राहू दे. एक कडेचा तुकडा मात्र कापूच नका, गवत वाढून बी धरू दे, मुनियांना बी लागतं आणि घरट्यासाठी पातीही लागतात, शिवाय इव्हनिंग ब्राऊन आणि बऱ्याच स्किपर फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात.

शिंपीण

पक्ष्यांबद्दल कुणी बोललंच नाही नीट म्हणून लिहिते.

पक्षी झाडाची जात नंतर बघतात, आधी लपायला जागा आहे का ते बघतात. उंच एक झाड आणि खाली सपाट लॉन अशा बागेत कावळे आणि कबुतरंच येणार. तीन थर करा. वर एखादं मध्यम झाड, तुमच्या जागेत एकच मावेल, बहावा किंवा करंज. मधे दाट झुडपं, करवंद, निर्गुडी, अडुळसा, धायटी. खाली कोरांटी, आबोली, गवत. कुंपणावर गुळवेल सोडा, तिची लाल फळं बुलबुल सोडत नाहीत, आणि तोंडलीचा वेल. करवंदाची जाळी काटेरी म्हणून लोक नाक मुरडतात पण ते काटेच तर हवेत, मांजर आत शिरत नाही. धायटी मात्र नक्की मिळवा, उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलते, फुलं नळीसारखी, आणि शिंजीर (सनबर्ड) त्यावर दिवसभर भांडत असतात.

फुलं निवडताना एकेरी निवडा. डबल जास्वंद, डबल मोगरा वगैरे दिसायला भरगच्च असतात पण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, परागही कमी आणि मधापर्यंत पोचायची वाटही बंद.

शिंपी पक्षी पान कसं शिवतो बघितलंय का कुणी? रुंद पानाच्या दोन कडा जवळ ओढतो, चोचीने बारीक भोकं पाडतो आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा नाहीतर कापूस ओढून घेतो, प्रत्येक टाक्याचं टोक बाहेरच्या बाजूला फुगवून बसवतो म्हणजे सुटत नाही. शिंजीरही घरटं विणायला कोळ्याचंच जाळं वापरतो. तेव्हा बागेतली जाळी झाडूने साफ करणं बंद करा, घरातली करा हवी तर.

पाण्याचं भांडं पसरट ठेवा, दोन-तीन सेंटिमीटर पाणी, मधे एक खडबडीत दगड. खोल घमेलं ठेवलं तर लहान पक्षी उतरत नाहीत आणि माश्या-मधमाश्या बुडून मरतात. बाजूला थोडी माती कायम ओली राहू द्या, नर फुलपाखरं चिखलातले क्षार प्यायला तिथे घोळक्याने बसतात.

कुंडीवाली

मला एक प्रश्न आहे राग मानू नका. तुम्ही सगळे अळ्या याव्यात म्हणताय, आणि माझ्या लिंबाच्या रोपाची पानं एका आठवड्यात संपवली त्यांनी, नुसत्या काड्या राहिल्या. मी नीम तेल मारते, ते तर नैसर्गिक आहे ना? मग काय अडचण आहे?

रानजाई

@कुंडीवाली राग कसला. लहान रोपावर पाच-सात अळ्या आल्या तर ते खरंच बोडकं होतं. उपाय म्हणजे दोन-तीन रोपं ठेवा, किंवा अळ्या उचलून मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवा, लिंबावरची लाइम बटरफ्लायची अळी कढीपत्ता खाते. झाड हातभर उंचीच्या पुढे गेलं की पानं परत येतात, त्याला ते नवीन नाही.

नीम तेल नैसर्गिक आहे पण अळीला फरक कळत नाही, ते तिची कात टाकायची प्रक्रियाच बिघडवतं. बीटी, म्हणजे एका जिवाणूपासून बनवलेली पावडर, तीही तशीच, सेंद्रिय म्हणून विकतात आणि ती फुलपाखरांच्या अळ्या मारायलाच बनवलेली आहे. सगळ्यात वाईट इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं, ती मातीत घातली की झाडाच्या रसात जातात, तिथून परागात आणि मधात. मधमाश्यांवरच्या परिणामामुळेच युरोपियन युनियनने २०१८ मध्ये अशी तीन औषधं उघड्यावर वापरायला बंद केली. आणि हे नर्सरीतल्या रोपांना आधीच दिलेलं असू शकतं, तुम्ही प्रेमाने फुलपाखरासाठी झाड आणता आणि त्यावर आलेली पहिली अळी मरते. म्हणून रोप घेताना विचारा काय मारलंय. पानं थोडी खाल्लेलं, मरतुकडं दिसणारं रोप मिळालं तर मी तेच उचलते.

बाकी अळ्या आपोआप आवरतात हो. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं छोटं मडकं बनवते ना, ते फोडून बघितलं तर आत अर्धमेल्या अळ्या ठासून भरलेल्या असतात, तिच्या पिल्लाचा डबा. दयाळ, वटवट्या, शिंपी दिवसभर पानं उलटसुलट करत असतात. पहिल्या वर्षी खाणारे जास्त दिसतात, त्यांना खाणारे थोडे उशिरा येतात. तेवढा धीर धरायचा, मधेच फवारणी केली की दोन्ही मरतात आणि खाणारे आधी परततात.

धामण

नाव बघून घाबरू नका 😄 आईंना सांगायचा मुद्दा माझ्याकडे.

साप झाडासाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी आणि लपायला येतो. सगळ्यात जास्त उंदीर कशाने येतात माहितीये? पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्याच्या भांड्याने. दाणे खाली सांडतात, रात्री उंदीर येतात, मागोमाग साप. म्हणजे लोक देशी झाडं लावायला घाबरतात आणि फीडर मात्र हौसेने टांगतात. दाणे ठेवूच नका, झाडं असली की गरज नाही, ठेवले तर संध्याकाळी झाडून घ्या. उघडा कचरा, विटांचा ढीग, घराला टेकवून ठेवलेली लाकडं हे हलवा. भिंतीपासून दोन-अडीच मीटर मोकळं ठेवा, तिथे फक्त बुटकी झाडं किंवा फरशी. पालापाचोळा आणि लाकडांचा ढीग हवाच आहे, त्यात भुंगे पोखरून घरं करतात, गोगलगाई, सापसुरळ्या, बेडूक राहतात, पण तो लांबच्या कोपऱ्यात. दाराची खालची फट बुजवा, रात्री टॉर्च आणि बूट. सगळ्यात जास्त दिसेल ती धामण, बिनविषारी, आणि उंदीर खाते. अर्थात साप दिसला आणि ओळखता येत नसेल तर लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा, ओळख पटवायला जवळ जायचं नाही.

डासांना लागतं साचलेलं पाणी. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पक्ष्यांचं भांडं दर दोन-तीन दिवसांनी घासून पाणी बदललं की तिथे एकही डास तयार होत नाही. कुंडीखालच्या ताटल्या, जुना टायर, गच्चीवरची उलटी न ठेवलेली बादली, डास तिथून येतात. आईंना हे पटेल कारण त्या बहुतेक आधीच ओरडत असतील बादलीवरून.

आणि रात्रभर जळणारा पांढरा फोकस लावू नका मागे. पतंग त्याभोवती फिरून फिरून मरतात, आणि अळ्या मुख्यतः पतंगांच्याच असतात, फुलपाखरांच्या कमी. लागलाच तर पिवळा, सेन्सरवाला.

गॅलरीतला_गडी

मला परसच नाही, फक्त गॅलरी, तर मी काही करू शकतो का की नुसतं वाचू?

कुंडीवाली

@गॅलरीतला_गडी माझंही सगळं कुंडीतच आहे. कढीपत्ता, पानफुटी, कोरांटी, सब्जा आरामात येतात. सब्जा फुलावर आला की कापू नका, बारक्या माश्यांची रांग लागते. आणि एखाद्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ अर्धगोल गेलेला दिसला तर तो रोग नाही, लीफकटर माशी तो तुकडा गुंडाळून नेते आणि एखाद्या नळीत किंवा भिंतीच्या भोकात अंड्यासाठी खोल्या करते. ती एकटी राहते, पोळं करत नाही, आग्या माशीसारखी मागे लागत नाही.

दूरदेशी

इथे जे परदेशातून वाचतायत त्यांच्यासाठी. वरच्या याद्या तुमच्या अंगणात जशाच्या तशा लावू नका, तुमच्याकडे तीच झाडं परकी. उत्तर अमेरिकेत मोनार्क नावाच्या स्थलांतर करणाऱ्या फुलपाखरासाठी हौशी लोक लाल-पिवळा हळदीकुंकू लावतात, जो आपल्याकडेही आला आहे आणि त्यावर प्लेन टायगर वाढतो. पण जिथे थंडी कमी असते तिथे तो वर्षभर हिरवा राहतो, त्यामुळे मोनार्क स्थलांतर न करता थांबतात आणि पानांवर एका परजीवीचे कण साठत जातात जे पुढच्या अळ्यांच्या पोटात जातात. तिथलं देशी मिल्कवीड, म्हणजे हळदीकुंकूचाच तिथला भाऊबंद, हिवाळ्यात वाळतं, ती साखळी तिथेच तुटते. त्याच कुळातलं झाड आहे, तरी एवढा फरक.

परसदार_नवखा

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. कढीपत्त्यावर खरंच दोन "शिटा" सापडल्या, त्यातली एक चालायला लागली!! आईला दाखवली, ती म्हणाली पानं तोडताना आता बघून तोडावी लागणार, पण काढून टाक असं म्हणाली नाही, त्यामुळे मी आशावादी आहे.

ठरवलंय असं की लँटाना नाही, मागच्या कुंपणाला करवंद-निर्गुडी-धायटी, कोपऱ्यात बहावा, क्रोटन हळूहळू कमी. आता एक अडचण, नर्सरीत यातलं बहावा आणि अडुळसा सोडून काहीच नाही. धायटी म्हटलं तर त्याने मला दुसरंच काहीतरी दाखवलं. रानातून रोपं उपटून आणावीत का?

हिशेबी_माळी

उपटू नका. एक तर राखीव जंगलातून काहीही काढणं गुन्हा आहे, दुसरं म्हणजे झुडपांची मुळं खडकात खोल गेलेली असतात, उपटलेलं बहुतेक मरतंच. बिया किंवा फांद्या घ्या, त्याही रस्त्याकडेच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या बांधावरच्या, विचारून. निर्गुडी आणि अडुळसा फांदीवर लागतात, पावसात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या खोचल्या की झालं. करवंदाचं बी फळ पिकल्या पिकल्या पेरा, साठवलं की उगवत नाही. कढीपत्त्याचंही तेच. बहाव्याचं बी उलट, कवच इतकं टणक की तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहील, पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगेल ते पेरा. धायटीचं बी धुळीसारखं बारीक असतं, मातीत पुरू नका, वरून भुरभुरा आणि फवाऱ्याने पाणी द्या. वनखात्याच्या रोपवाटिकेतही विचारून बघा, बऱ्याचदा तिथे देशी झाडं मिळतात.

आणि याद्या वाचण्यापेक्षा एक करा, तुमच्या घराजवळ जिथे कुणी काही लावलेलं नाही अशी पडीक जागा, टेकडी, ओढ्याचा काठ असेल तिथे वेगवेगळ्या ऋतूंत फिरा आणि पाणी न घालता काय जगलंय ते टिपून ठेवा. कोकणात जे फोफावतं ते कोरड्या माळावर जळून जाईल, देशी असलं तरी.

शिंपीण

बहावा कोपऱ्यात म्हणताय ते ठीक, फक्त भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून तीनेक मीटर तरी सोडा. आणि करवंद लावाल ते आताच दाट लावा, दोन फुटांवर एक. नंतर मधे रोप घालायला गेलात की हात सोलून निघतात.

परसदार_नवखा

नोट केलं. खड्डे या आठवड्यात खणतो, पुठ्ठे गोळा करायला सुरुवात केली आहे. @धामण आईने फीडर काढून टाकायला सांगितलाय, तो मीच टांगला होता.